एकशे शहाण्णव रोपं आणि एक भेंडीचं झाड

आमच्या सोसायटीने आजवर एकशे शहाण्णव झाडं लावली आहेत. आकडा माझा आहे, त्यामुळे बरोबर आहे. दरवर्षी पाच जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, चौदा रोपं. सोसायटीला सोळा वर्षं झाली, त्यातली लॉकडाऊनची दोन वजा. त्या दोन वर्षांत कार्यक्रम झाला नाही, त्यामुळे एकही रोप मेलं नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने तो आमचा सर्वांत चांगला काळ म्हणावा लागेल.

चौदाच का, तर खड्डे चौदा आहेत. आमचं नेरूळ म्हणजे खाडीकाठच्या भातखाचरांवर टाकलेला मुरमाचा भराव. पहार मारली की ठिणगी उडते. पहिल्या वर्षी माणसं लावून मागच्या भिंतीलगत चौदा खड्डे खणून घेतले आणि एवढ्या मेहनतीचे खड्डे वाया जाऊ द्यायचे नाहीत असं कमिटीने ठरवलं. सुदैवाने त्यांतली रोपं दरवर्षी वेळेवर मरतात आणि पुढच्या पाच जूनला खड्डे पुन्हा रिकामे मिळतात.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कागदावरचा साठा आणि रॅकवरचा साठा जुळवायचा, हे माझं काम. कागदावर चाळीस बेअरिंगं आणि रॅकवर एकोणचाळीस असतील तर मला डबा गोड लागत नाही. माझा नवरा चारचौघांत सांगतो की लग्नाआधी हिने मलाही असंच तपासून घेतलं होतं. मी म्हणते, घेतलं असतं तर.

घड्याळाप्रमाणे बोलते म्हणून कार्यक्रमात 'दिनाचे महत्त्व' या विषयावर पाच मिनिटं बोलायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आलं. आमचे सेक्रेटरी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहेत. माणूस वाईट नाही. पाण्याचा पंप बंद पडला तर मध्येच ऑफिस सोडून येतात. पण काम झालं आणि त्याचा फोटो निघाला नाही, तर ते काम झालं असं त्यांना वाटत नाही. ते मला दरवर्षी त्याच शब्दांत सांगतात, "वहिनी, इतिहास आणि उद्देश, एवढंच. जास्त खोलात नको."

खोलात न जाता जेवढा इतिहास कळला तो असा. १९७२ साली स्वीडनच्या राजधानीत जगभरच्या देशांचे प्रतिनिधी जमले. माणूस हवा, पाणी, जमीन यांची वाट लावतो आहे आणि ही एका देशाची बाब नाही, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र बसून बहुधा पहिल्यांदाच मान्य केलं गेलं. परिषद सुरू झाली ती तारीख पाच जून. म्हणून पुढे दरवर्षी त्या तारखेला सरकारांनी आणि लोकांनी स्वतःला विचारायचं, की आपण आपल्या भोवतालाचं काय करून ठेवलं आहे. उद्देश एवढाच. त्यात पाच जूनला झाड लावा असं कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. तिकडे उत्तरेला जूनमध्ये माती मऊ असेल. आमच्याकडे पाच जूनला मुरूम तव्यासारखा तापलेला असतो, नळाला पाणी एक वेळ असतं आणि पाऊस निदान आठवडाभर लांब असतो. आपल्या देशात झाडं लावायचा आठवडा वेगळा आहे, जुलैत, चांगला जुना आहे. पण जुलैत मागच्या भिंतीकडे चिखल असतो आणि पाहुण्यांच्या चपला खराब होतात.

गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मी खुरपं घेऊन मागे गेले. पाच मिनिटांत बोलायला काहीतरी खरं हवं होतं. म्हटलं, साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करू. चौदा खड्डे उकरले. जिवंत रोप एकही नव्हतं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हत्या त्या पिशव्या. नर्सरीतून रोप येतं ती काळी प्लॅस्टिकची पिशवी. चौदातल्या नऊ खड्ड्यांतून त्या जशाच्या तशा निघाल्या. आत वाळलेली मुळं, पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून बसलेली, बाहेर वाट न मिळालेली.

मग मला आठवलं. पिशवी फाडली की मातीचा गोळा फुटतो, रोप एका बाजूला कलतं, पाहुण्यांचे हात भरतात आणि फोटो बिघडतो. म्हणून सेक्रेटरी दरवर्षी हळूच सांगत आले होते, "आत्ता तसंच ठेवा, पिशवी नंतर काढू." नंतर म्हणजे कधी, हे कुठल्याच सभेच्या टिपणात नाही. ती पिशवी न काढता आम्ही दर पाच जूनला प्लॅस्टिकमुक्तीची शपथ घेत होतो, तीही त्या खड्ड्यांच्या काठावर उभं राहून.

परत येताना गेटबाहेरच्या भेंडीखाली थांबले. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. खाडीकाठी बांधावर वाढतं ते मोठं झाड, पिंपळासारखी पानं, पिवळी फुलं, संध्याकाळपर्यंत लाल होतात. आमच्या कंपाउंडची भिंत आणि फुटपाथ यांच्यामधल्या पट्ट्यात ते उभं आहे. सोसायटीच्या आधीपासून आहे, ते कोणी लावलं नाही. त्याच्या खाली मासळी विकायला शिरवण्याच्या मावशी बसतात. शिरवणे हे इथलं मूळचं गाव आणि आमची सोसायटी ज्यावर उभी आहे ती खाचरं त्याच भागातली. मी मावशींकडून सोळा वर्षं मासळी घेते. कोलंबी सोलून मागितली तर त्या मला आळशी म्हणतात आणि सोलून देतात.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुकान आवरताना मावशींनी थर्माकोलच्या खोक्यातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी उचललं आणि झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मग मासळी धुतलेलं पाणी. मी विचारलं, रोज घालता का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, रोज जेवता का. त्या म्हणाल्या की पाणी कुठेतरी ओतायचंच, गटारात ओतलं तर तुमचा वॉचमन वासाच्या नावाने ओरडतो. झाड बिचारं ओरडत नाही.

मी घरी येऊन हिशेब केला आणि पाच जूनला माइकवर वाचून दाखवला. इतिहास दोन मिनिटं, उद्देश एक मिनिट, उरलेल्या दोन मिनिटांत आमची स्थिती. मागच्या बारा कार्यक्रमांत लावलेली रोपं एकशे अडुसष्ट. जिवंत शून्य. परत मिळालेल्या पिशव्या नऊ. सोसायटीच्या भिंतीलगत जिवंत असलेलं मोठं झाड एक, आणि त्याला पाणी घालणारी व्यक्ती सोसायटीची सभासद नाही, ती बाहेर मासळी विकते.

मग टाळ्या पडल्या. आमच्याकडे माणूस माइकसमोरून बाजूला झाला की टाळ्या पडतात, तो काय म्हणाला याचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यानंतर चौदा रोपं लावली. पिशव्यांसकट.

मला वाटलं, विषय संपला. पण सेक्रेटरींनी माझं भाषण ऐकलं होतं, आणि त्यांनी त्यातून जे घेतलं ते मला कधीच सुचलं नसतं. पुढच्याच सभेत त्यांनी मांडलं की वहिनींनी आपल्या लक्षात आणून दिलं, आपल्याकडे एक जिवंत झाड आहे. त्या वर्षी कुठल्याशा मंडळाची 'हरित सोसायटी' स्पर्धा होती आणि तिच्या अर्जात 'जतन केलेले वृक्ष' असा रकाना होता. इतकी वर्षं तो रिकामा ठेवावा लागला असता. आता तिथे एक लिहिता येणार होतं. ठराव झाला, भेंडी दत्तक घेतली गेली. मीही हात वर केला. झाड कोणी दत्तक घेतलं तर त्याचं काय वाईट होणार, असा माझा समज होता.

आधी पाटी आली. खोडात मोठे खिळे ठोकून हिरव्या पत्र्याची पाटी लावली, 'सोसायटीने दत्तक घेतलेला वृक्ष'. दिवाळीच्या आधी सुशोभीकरण झालं. बुंध्याभोवती पार चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, लाल आणि करड्या रंगाची नक्षी केली आणि भोवती पिवळ्या रंगाचा लोखंडी कठडा लावला. त्या कठड्याच्या आत मासळीची टोपली बसत नव्हती, आणि बाहेर बसली तर नक्षी दिसत नव्हती. शिवाय परीक्षक येणार होते, त्यांना वास नको. मावशींना रस्त्यापलीकडे विजेच्या डीपीजवळ बसायला सांगितलं.

तिथे सावलीचं नाव नाही. सकाळी नऊलाच ऊन तोंडावर येतं. मावशींनी मोठी काळी छत्री आणली, तिची काठी दगडांमध्ये रोवली. बर्फ दुप्पट वेगाने वितळू लागला. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका रस्ता ओलांडायच्या आळसाने घरपोच मासळी मागवू लागल्या. मी ओलांडून जात होते. पहिल्या दिवशी मावशींनी मांदेली मोजून माझ्या डब्यात टाकली आणि मान वर न करता म्हणाल्या, "बाय, भाषनात माजा इषय काढलास म्हनं."

मी म्हटलं, काढला.

"पुढल्या वर्साला नको काढू."

एवढंच. त्या दिवशी मांदेली बरोबर मोजून आली, नेहमीच्या दोन जास्तीच्या आल्या नाहीत. मी ते मनातल्या मनात नोंदवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की तू खरे आकडे दिलेस, तुझी काय चूक. ते खरं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. मी रजिस्टर बरोबर ठेवलं आणि एका बाईची जागा गेली. कारखान्यात मी असं केलं असतं तर मला लेखी विचारणा झाली असती. मी कमिटीला दोन पत्रं दिली की मावशींना जागा परत द्या. पहिल्यावर 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. दुसऱ्यावर तेच उत्तर, तारीख बदलून.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. लिफ्टजवळ लावलं आहे.

फेब्रुवारीत भेंडीची पानं पिवळी पडू लागली. भेंडी बाराही महिने हिरवी असते, हे इथे कोणालाही विचारा. मार्चमध्ये पेव्हर ब्लॉकवर पानांचा सडा पडायचा आणि झाडूवाला नक्षी दिसावी म्हणून दोनदा झाडायचा. सेक्रेटरींनी पाइप लावून पाणी सोडलं. ते ब्लॉकवरून वाहत सरळ गटारात गेलं. बुंध्यापाशी एक चमचाभर तरी मुरलं असेल का, याची मला शंका आहे. एप्रिलमध्ये फांद्या उघड्या दिसायला लागल्या. मेच्या मध्याला सेक्रेटरी आमच्या दारात आले. पाच जूनला येणारे प्रमुख पाहुणे रोप लावणार नव्हते, दत्तक वृक्षाचं पूजन करणार होते. पत्रिका छापून झाली होती, तीवर झाडाचा जुना हिरवागार फोटो होता.

ते म्हणाले, "वहिनी, मावशींशी तुम्ही बोला. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं की माझं तुम्ही ऐकलंत म्हणून त्या उन्हात बसल्यात, आता तुम्ही बोला, मी सोबत येते.

दोघं रस्ता ओलांडून गेलो. मावशी निवट्या साफ करत होत्या. खाडीच्या चिखलातला तो मासा, डोळे वटारलेला, मेल्यावरही आपल्याकडे पाहतो. सेक्रेटरींनी त्याच्याकडे न बघता सुरुवात केली. झाडाला तुमची सवय झाली आहे, तुम्ही पूर्वीसारखं रोज पाणी घालत जा, संध्याकाळी, कार्यक्रमापर्यंत तरी. बसायचं मात्र इथेच.

मावशींनी कोयता खाली ठेवला. "दत्तक घेतलंव ना तुमी? मंग पाजा दूध."

बाजूला एक रिक्षावाला उभा होता, तो हसला. सेक्रेटरीही कसनुसे हसले. मग त्यांनी हळूहळू एकेक पायरी खाली उतरायला सुरुवात केली. सकाळी दोन तास झाडाखाली बसा. मग, दिवसभर बसा, पण कठड्याबाहेर. मग, बरं, कठडा काढतो. शेवटी म्हणाले की हवं तर सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून देतो, जागा तुमची.

"लिवून नको," मावशी म्हणाल्या. "लिवून घेतलं तवाच आमचं शेत गेलं. ते दगर काढा."

सेक्रेटरींनी विचारलं, किती. मावशी उठल्या, आमच्या पुढे चालत रस्ता ओलांडून झाडापाशी आल्या, कठड्यावरून वाकल्या आणि बुंध्याला कोपर टेकवून हात पसरला. बोटं टेकली तिथे ओल्या हाताचा ठसा उमटवला. असं चारी बाजूंनी केलं. लाल-करड्या नक्षीवर मासळीच्या पाण्याचे चार ठसे. सेक्रेटरींनी त्यांचा फोटो काढला. मी ठशांच्या आतले ब्लॉक मोजले, बासष्ट भरले.

बासष्ट ब्लॉक दुसऱ्या दिवशी निघाले. कार्यक्रमाच्या पत्रिकेत हे सामर्थ्य असतं, सभासदांच्या पत्रात नसतं. कठडाही गेला. मावशी टोपली, मासळी कापायचा ओंडका आणि खोकं घेऊन परत आल्या, पाटीखाली बसल्या. संध्याकाळी त्यांनी खोकं रिकामं केलं आणि पाणी जिथल्या तिथे जिरलं. मी बघत उभी होते. मला त्या म्हणाल्या की आता घरी जा, झाड काय दूध उतू जातंय म्हणून राखायचंय.

पाच जूनपर्यंत झाडावर फार फरक पडला नव्हता. अठरा-वीस दिवसांत पडत नाही. खालच्या दोन फांद्यांवर तांबूस पालवी दिसत होती, बाकी उघडंच. सेक्रेटरींनी फुलांच्या माळा सोडून रिकाम्या फांद्या झाकल्या.

माझी पाच मिनिटं आली. मावशींचा विषय काढायचा नाही हे मला बजावलं होतं, मी काढला नाही. मी इतिहास सांगितला, उद्देश सांगितला आणि म्हटलं की हा दिवस आपण काय बिघडवलं ते बघण्याचा आहे, तर आज रोपं लावू नका. खड्ड्यांत मुरूम आहे तो काढून माती भरू. पाऊस धरला की जुलैत लावू, पिशवी फाडून. तोवर रोपं सावलीत ठेवू. मी चार मिनिटं चाळीस सेकंदांत संपवलं. टाळ्या पडल्या. मग सगळे मागच्या भिंतीकडे गेले आणि चौदा रोपं लावून आले. तेराव्या रोपाला पिशवी फाडावी का असं एका काकांनी विचारलं, तेव्हा त्यांना नंतर काढू असं सांगण्यात आलं.

भेंडीच्या पूजनाला पाहुणे आले तेव्हा मावशी जागेवर होत्या. जूनमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा टोपलीत खाडीची थोडी मासळी आणि बाजूला सुकट. पाहुण्यांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ वाढवला. फोटोवाल्याने मावशींना हाताने खूण केली, जरा बाजूला. सेक्रेटरींनीही केली. मावशी उठल्या नाहीत.

त्या पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, "मना पन येऊं दे फोटोत. पानी मी घालते."

पाहुणे राजकारणातले, त्यांना अशा वेळी काय करायचं ते कळतं. ते मावशींशेजारी जाऊन उकिडवे बसले. त्यामुळे सेक्रेटरींनाही बसावं लागलं, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये. तो फोटो आमच्या वार्षिक अहवालात आहे. तिघंही आहेत, टोपली आहे, सुकट आहे. खाली ओळ छापली आहे, 'दत्तक वृक्षाच्या सावलीत बसलेली लाभार्थी महिला'. सावली त्या दिवशी नव्हती, ती यायची होती. लाभ कोणाचा कोणाला, यावर मी तिसरं पत्र लिहायला घेतलं होतं. मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, या पत्राने काय हलणार. मी विचार केला आणि फाडून टाकलं.

पाऊस धरल्यावर जुलैत एका रविवारी मी आणि नवरा मागे गेलो. पाच रोपं तोवर गेली होती. नऊ रोपं उपटून पिशव्या फाडल्या, खड्ड्यांतला मुरूम काढला, मावशींच्या सांगण्यावरून तळाला मासळीचे कल्ले आणि डोकी टाकली. नवऱ्याने तो दिवस नाक धरून काढला आणि अजून ऐकवतो. आज नऊपैकी चार उभी आहेत. पण ती मी जिवंतच्या रकान्यात घेतलेली नाहीत. दोन पावसाळे काढल्याशिवाय मावशी झाडाला झाड म्हणत नाहीत आणि या बाबतीत त्यांची पद्धत माझ्यापेक्षा कडक आहे.

भेंडी भरली. गणपतीपर्यंत पूर्ण हिरवी झाली. पाटी अजून आहे. तिच्या वरच्या खिळ्याला मावशी आपली काळी छत्री अडकवतात, त्यामुळे पाटीवरची 'सोसायटीने दत्तक घेतलेला' ही अक्षरं झाकली जातात आणि फक्त 'वृक्ष' दिसतो. हे मुद्दाम आहे का, मी विचारलं नाही.

परवा सकाळी मी डबा घेऊन उभी होते तर सेक्रेटरी आले. त्यांना बोंबील हवे होते. त्यांनी मावशींना म्हटलं की झाडाचे पालक म्हणून आम्हाला दोन जास्त घाला.

मावशींनी खोकं त्यांच्याकडे सरकवलं. "आदी पानी घाल, दत्तक बापा."

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. हातातला मोबाइल खिशात ठेवला, खोकं उचललं, बूट सांभाळत बुंध्याशी नेलं आणि सगळं ओतलं. एक बूट भिजलाच. मावशींनी त्यांच्या पिशवीत दोन बोंबील जास्त टाकले. मग माझा डबा घेतला आणि माझ्याही मांदेलीवर दोन टाकल्या, मोजून.